दहा बोटांचा माणूस

ली सन बेट, ९ एप्रिल २०१०

वन्सं,

फोनवर तुम्ही परत परत विचारत होतात, "थोआ, खरं काय ते सांग," आणि मी "काही नाही, बरं आहे" म्हणत राहिले. काय करणार? आई शेजारीच उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत. आणि इथली वीज तुम्हाला ठाऊकच आहे, संध्याकाळी येते न येते तोच जाते, फोन मध्येच मरतो. म्हणून लिहितेय. उद्याच्या बोटीवरचा पोऱ्या पलीकडे सा की बंदरात सायगॉनच्या बसवाल्याकडे हे देईल.

आपली बोट गेली, वन्सं. होआंग सा बेटांच्या खडकांपाशी डुबक्या मारून समुद्रकाकडी काढायला गेले होते, दरवर्षी जातात तिथेच. राखाडी जहाज मागून आलं. आधी भोंगा, मग पाण्याचे फवारे, आणि मग सरळ धडक. बोट मधोमध फुटली. पाच जण होते. तिघं टोपलीहोडीला धरून तरंगत राहिले, त्यांना आपल्याच बेटाच्या दुसऱ्या बोटीने उचललं. दोघांचा पत्ता नाही. त्यातला एक तुमचा भाऊ.

तुमच्याकडच्या पेपरात आलं असेल, "अनोळखी जहाजाची धडक" म्हणून. अनोळखी! आमची शेंबडी पोरंसुद्धा त्या चिनी जहाजाचा भोंगा तोंडाने काढून दाखवतात. नाव छापायला मात्र सगळ्यांची बोटं थरथरतात.

धडकेच्या आदल्या संध्याकाळी बोटीवरच्या रेडिओवरून बोलला होता लुआन. मी शेजारच्यांच्या रेडिओपाशी धावत गेले, तर म्हणतो काय, "लसूण नीट वाळत घाल, मागच्या वेळेसारखी बुरशी आणू नकोस." मी चिडून "तूच ये आणि घाल" म्हटलं आणि उठले. आता रोज त्या रेडिओपाशी जाऊन बसते. नुसती खरखर येते. शेजारणीलाही कंटाळा आला असेल.

तिथे कुणाला विचारता येईल का बघा. पकडून नेलं असेल, असं माझं मन म्हणतं. पकडतात ना ते लोक, ठेवतात, मग सोडतात. बुडाला असं मला वाटतच नाही.

तुमची,
थोआ

*

सायगॉन, १७ एप्रिल

थोआ,

पत्र वाचलं आणि हातातली पळी भाताच्या हंड्यात पडली. गिऱ्हाईक ओरडलं, मी त्याच्यावर ओरडले. दिवसभर तेच चाललंय. एका जागी पाय ठरत नाही माझा.

कचेरीत जाऊन आले. एका खिडकीवरून दुसऱ्या, दुसरीवरून तिसऱ्या. शेवटी एक चष्मेवाला भेटला, चांगला बोलला. म्हणाला, "ताई, त्या पाण्यावरचा आपला हक्क निर्विवाद आहे." मी म्हटलं, "हक्क राहू दे रे बाबा, माझा भाऊ कुठाय?" तर म्हणे पकडलेल्यांची यादी अजून आलेली नाही. कधी येते? ते त्यालाही ठाऊक नाही.

आणि इथे माझ्या टपरीवर तर रोज युद्ध. कालच दोघं जण भांडत होते. एक म्हणे, चीनने तिकडच्या बेटावर धावपट्टी लांबवली, आता विमानं उतरवणार. दुसरा म्हणे, उतरवू दे, अमेरिकेचं जहाज दा नांगला येतंय, मग बघा मजा. मी म्हटलं, मजा बघायला माझा भाऊ आहे का जागेवर? भात संपवा आणि उठा!  नंतर वाईट वाटलं, एकाला अंडं जास्त वाढलं.

पाचवा कोण होता गं? लुआनबरोबर जो सापडत नाही तो? आपल्यातला की मुख्य भूमीवरून आलेला? त्याच्या घरी कोणी आहे का रडायला?

आईला सांभाळ. आणि त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही हे आपलं ठरलंय, चार वर्षं मी ते पाळलंय. पण माझा नवरा आईच्या दारात येऊन बसत नाही ना दारू पिऊन? अशा वेळी तिला त्याचा त्रास नको, म्हणून विचारते. बाकी मला काही पडलेलं नाही.

क्वेन

*

ली सन, २ मे

वन्सं,

तुम्ही विचारलं नाही असं म्हणता, तरी सांगते. हिएनभावजींनी दारू सोडली. खरंच सोडली. गेल्या पावसाळ्यापासून थेंब नाही. आईंना त्यांचा काही त्रास नाही. एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर तुम्ही पत्र फाडून टाकाल.

पाचव्या माणसाचं म्हणाल तर तो या हंगामात नवीनच आला होता बोटीवर. आईबाप नाहीत. घरी रडायला म्हणावं असं... जाऊ द्या ते.

इथे वेगळंच सुरू झालंय. आईंनी मातीचं काढलंय. देवमाशाच्या देवळात जाऊन आल्या आणि येऊन म्हणाल्या, "विधी करणाऱ्या फान आजोबांना बोलावून घे. डोंगरावरची माती आणायला सांग." मी विळी हातातून ठेवली आणि म्हटलं, "कशाला?" म्हणाल्या, "माझं पोर पाण्यात गारठलंय. त्याला अंग नाही, घर नाही, कुठे जाऊन पडणार तो? मातीचं अंग करून देऊ, म्हणजे येईल."

वन्सं, तुमचा जन्म इथला, तुम्हाला मी काय सांगू. डोंगराच्या पायथ्याशी तुमच्या आजोबांची तशीच कबर आहे, मोठ्या काकांची आहे. आत हाडं नाहीत, मातीची माणसं आहेत. मी त्यांना दर वर्षी उदबत्ती लावते, कधी हसले नाही. पण ते मेलेल्यांसाठी असतं! जिवंत माणसाचं मातीचं अंग करून त्याला हाका मारल्या आणि पुरलं, तर समुद्राला काय कळेल? यांनी आपणच सोडून दिला असं कळेल. मग तो कशाला परत देईल?

मी सरळ नाही म्हटलं. आईंनी तीन दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही. लसणीच्या पातीची कोशिंबीर केली होती, त्यांना आवडते म्हणून, तीसुद्धा तशीच परत आली. मी मागच्या दारी बसून सगळी एकटीने खाल्ली, रागाने.

तुम्ही आईंना समजवा. तुमचं ऐकतात.

थोआ

*

सायगॉन, ३० मे

थोआ,

रागावू नकोस. मी आईला समजावणार नाही. मी तुला समजावणार आहे.

यादी आली. तो चष्मेवाला स्वतः टपरीवर आला सांगायला, भला माणूस. यादीत लुआनचं नाव नाही. दोन महिने होऊन गेले, पोरी. पाण्यात दोन महिने कोण टिकतं?

तू हट्टाला पेटलीस. मी तुला ओळखते, लग्नात होडीतून उतरायला तयार नव्हतीस, बूट चावतो म्हणून. पण हा बुटाचा हट्ट नाही. तिकडे आई रोज संध्याकाळी जेट्टीवर जाऊन उभी राहते, मला फोनवर शेजारणीने सांगितलं. तिचं वय काय, डोळे काय. तिला एक जागा दे ना, जिथे जाऊन ती बसेल, बोलेल, भात ठेवेल. आपल्या पणजोबांच्या पणजोबांना राजा होआंग साला पाठवायचा तेव्हा ती माणसं निघतानाच स्वतःची चटई आणि सुतळी बरोबर न्यायची, मेलो तर यात गुंडाळून पाण्यात सोडा म्हणून. लहानपणी ही गोष्ट ऐकून मी घाबरायचे. आता वाटतं, शहाणी होती ती माणसं. जाणारा जातो हे त्यांना कळत होतं.

राजे गेले, आता राखाडी जहाजं आली, तिकडून त्यांची, उद्या आणखी कोणाची येतील. त्यांना काय, नकाशावर रेघ ओढायची असते. रेघेखाली कोण आलं ते बघायला त्यांना सवड नाही. आपल्याला आपलं माणूस घरी आणायचं असतं, जसं जमेल तसं. मातीचं तर मातीचं.

त्या दुसऱ्या माणसाच्या घरच्यांनी काय केलं? त्याची बायको तुझ्यासारखी आडून बसली आहे का? नसणार. तिने कधीच डोळे पुसून विधी उरकला असेल. तिच्याकडे जाऊन बस जरा, दोन शब्द शीक तिच्याकडून.

आशा धरून बसायलाही ताकद लागते आणि ती कुठपर्यंत पुरते हे मला विचार. मी एका जिवंत माणसाची आशा सोडून आले, तेव्हा कुठे मला रात्रीची झोप लागली.

कर म्हणते मी. माझी आण आहे तुला.

क्वेन

(दारू सोडली म्हणे! बघू किती दिवस टिकतं.)

*

ली सन, २६ जून

वन्सं,

केलं. तुमच्या आणेपायी केलं, आणि आईंच्या डोळ्यांपायी.

फान आजोबा माती घेऊन आले. अंगणात मांडव घातला. तुतीच्या काड्यांची हाडं, त्यावर माती थापत थापत पाय, पोट, छाती. मी खांबाला धरून उभी. मनात म्हणत होते, ही माती आहे, नुसती माती. आणि मग त्यांनी चेहरा केला, अंड्याच्या पांढऱ्याचा हात फिरवला त्यावरून, आणि वन्सं, ती माती ओली चमकायला लागली, जसा तो डुबकी मारून वर यायचा तसा.  मी आत पळाले.

फान आजोबा मागून आले. म्हणाले, "सूनबाई, अंगावर काही खूण? व्रण, तीळ, काही राहिलं-गेलं? खूण नसली तर त्याला स्वतःचं अंग ओळखू येत नाही."

तुम्हाला ठाऊक आहे खूण कोणती. डाव्या हाताची करंगळी, नांगराच्या दोरात गेलेली. आई झोपाळ्यावर डोळे मिटून पडल्या होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. मी त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, "काही नाही आजोबा. धड होता. दहाच्या दहा बोटं."

त्यांनी मान हलवली आणि दहा बोटं केली. सुबक केली, नखंसुद्धा. त्याला लुआनचा निळा सदरा घातला, पेटीत ठेवला, समुद्राकडे तोंड करून हाका मारल्या. आई ओरडून ओरडून रडल्या. मीही रडले, खोटं कशाला सांगू. पण पुरताना मनात मी एकच म्हणत होते, हा माझा नवरा नव्हे. माझ्या नवऱ्याला नऊ बोटं आहेत.

हे तुम्हालाच सांगितलं. आईंना कळलं तर मला घरात ठेवणार नाहीत. नावाची पाटी सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला लावायची ठरली आहे, तोवर नुसता मातीचा ढीग आहे. आई आता जेट्टीवर जात नाहीत. तिथे जाऊन बसतात, भात ठेवतात, त्याला बेटावरच्या बातम्या सांगतात. तुमचं म्हणणं खरं झालं, त्यांना बरं वाटतंय.

मला मात्र नाही. भांडी घासता घासता उठते आणि समुद्रावर जाते, आणि कशाला आले ते आठवत नाही.

थोआ

*

सायगॉन, ६ जुलै

थोआ, काय केलंस हे!

अगं, मातीला फसवतात का? नऊ बोटांचा माणूस दहा बोटांच्या अंगात कसा जाईल? दाराशी येऊन परत फिरेल तो! आई त्या ढिगाशी बोलते आणि आत कोण आहे, कोणीच नाही. मी पत्र वाचून टपरी बंद केली आणि कालव्यापर्यंत चालत गेले आणि परत आले, इतका संताप आला.

परत आले तेव्हा राग उतरला होता. आईला सांगणार नाही. मीही तुझ्या जागी असते तर... नाही, मी असं केलं नसतं. मी आतापर्यंत सगळं पाहून, समजून, तोडून मोकळी झाले असते. मला तेच जमतं. तुझ्यासारखं चिकटून राहणं मला नाही जमत.

इथे गिऱ्हाइकांचं तेच. आता म्हणे कोणत्या देशाने किती पाणबुड्या घेतल्या ते मोजतात. चहा थंड होतो.

तेतला, नव्या वर्षाच्या सणाला, येईन म्हणते. चार वर्षं झाली. तुला एक काम सांगते, मनावर घेऊ नकोस. हिएन भेटला तर त्याला म्हणावं, मी येईन तेव्हा जेट्टीवर उभा राहू नकोस. आणि राहायचंच असेल तर दाढी करून उभा राहा म्हणावं, लोक बघतात. एवढंच. जास्त काही बोलू नकोस त्याच्याशी, त्याला लगेच वाटेल मी विरघळले.

क्वेन

*

ली सन, १२ ऑगस्ट

वन्सं,

लुआन आल्याचं आईंनी रडत रडत फोनवर सांगितलंच तुम्हाला. त्यांचं रडणं आणि तुमचं रडणं, मला मध्ये शब्द घालता आला नाही. बाकीचं मीच लिहीन म्हटलं. दोनदा लिहायला घेतलं आणि उठले.

तो बरा आहे. हाडं दिसतात, दाढी वाढली आहे. त्या जहाजवाल्यांनी त्याला पाण्यातून ओढून काढलं आणि दूरच्या एका बेटावर ठेवलं, यादीत नाव का नव्हतं कोण जाणे. इतर बोटींच्या लोकांबरोबर सोडला. घरी आला, आधी लसणीच्या टोपल्या उघडून बघितल्या, म्हणाला, "बुरशी नाही लागली." मी त्याची डावी मूठ उघडून बोटं मोजली. वेडी म्हणाला मला.

मग त्याने आपलीच कबर बघितली. खूप हसला. आता म्हणतो, "समुद्राचं माझ्याकडचं देणं संपलं. मला पुरून झालंय, आता कशाला भ्यायचं?" परवापासून दुसऱ्याच्या बोटीवर जागा शोधतोय! वन्सं, मी डोकं आपटून घेऊ का कुठे? पण त्याच्याशी मी भांडून घेईन, ते माझं मी बघते. मला लिहायचंय ते हे नाही.

पाचवा माणूस हिएनभावजी होते.

पत्र टाकू नका हातातलं. वाचा. गेल्या पावसाळ्यात ते आले, अंगणात उभे राहिले, आत येईनात. लुआनला म्हणाले, "बोटीवर घे. एक हंगाम धड काढतो आणि मग सायगॉनला जाऊन तिच्या टपरीसमोर उभा राहतो. हाकललं तर परत येतो." मला आणि आईंना शपथ घातली, क्वेनला कळवायचं नाही, मी स्वतः जाणार. बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्हाला नव्हतं, कारण तुमच्यापाशी कोणी त्यांचं नाव काढत नाही. तुम्ही लिहिलंत, त्याची बायको आडून बसली आहे का, तिच्याकडून शीक. तेव्हा मी पेन हातात घेऊन बसून राहिले. काय लिहिणार होते? आज सापडतील, उद्या सापडतील, दोघं एकत्रच असतील, असं म्हणत राहिले. माझं चुकलं. मला शिव्या द्या.

लुआन सांगतो, बोट फुटल्यावर दोघं एकाच फळीला धरून होते. फळी दोघांना पेलेना. हिएनभावजी म्हणाले, "मी त्या डब्याकडे पोहतो, तू धर." प्लास्टिकचा डबा होता, थोडा लांब. पोहत निघाले. मग धुकं आलं, मग जहाजाची माणसं आली. लुआन ओरडत होता, आणखी एक आहे, आणखी एक आहे. त्यांना भाषा कळली नाही, का कळून घ्यायची नव्हती. लुआनने त्यांना बुडताना पाहिलेलं नाही. पाहिलेलं नाही, एवढंच तो सांगतो, मी खूप खोदून विचारलं.

आता फान आजोबा म्हणतात, विधी वाया जात नाही. ज्याला घर नव्हतं तो त्या अंगात येऊन राहिला. लुआन नऊ बोटांचा, मातीचा माणूस दहा बोटांचा, आणि हिएनला दहाच होती. (हो, आईंना कळलं बोटांचं. मला घरात ठेवलंय अजून.) आई म्हणतात, माझ्या जावयाचीच ती कबर, पौर्णिमेला त्याच्या नावाची पाटी लावू. सगळ्यांना पटलंय. लुआनला तर फारच पटलंय, त्याला रात्री झोप नाही, त्याला ते हवंय. मी काय म्हणू? तुमची परवानगी विचारायला आईंनी मला सांगितलं आहे.

आणि एक. आमच्या कपाटात त्यांचा एक नवा सदरा आहे. सायगॉनला जायचं म्हणून घेतला होता, घडी मोडलेली नाही. आई म्हणतात कबरीपाशी जाळू. मी अजून दिलेला नाही.

तुमची,
थोआ

*

सायगॉन, १६ ऑगस्ट

थोआ,

शिव्या समोर आल्यावर देईन. भरपूर देईन, तयार राहा.

परवानगी नाही. आईला सांग, फान आजोबांना सांग, लुआनला सांग. पाटी लावायची नाही. मी उद्याच्या बसने निघतेय, पौर्णिमेच्या आत पोचते. टपरी बंद केली. गिऱ्हाईक विचारत होतं कधी उघडणार, मी म्हटलं ठाऊक नाही.

लुआन पाच महिन्यांनी आला ना? यादीत त्याचंही नाव नव्हतं ना? मग! दूरच्या बेटावर ठेवतात ना? मी त्या चष्मेवाल्याला सकाळी जाऊन धरलं. म्हणाला, "ताई, तुमचा भाऊ तर आला." मी म्हटलं, "आता नवरा शोधा."  मी तुला काय काय लिहिलं होतं ते मला सगळं पाठ आहे, थोआ. पाण्यात दोन महिने कोण टिकतं, ते मीच लिहिलंय. ते पत्र जाळून टाक.

तो चांगला पोहतो. पिऊन पडायचा तेव्हाही समुद्रात पडला तर पोहून यायचा, मला लाज वाटायची. प्लास्टिकचा डबा म्हणजे काही कमी नाही.

सदऱ्याला हात लावायचा नाही कोणी. घडी आहे तशी राहू दे. मी येऊन बघते रंग कुठला घेतलाय ते, त्याला रंग कळत नाही.

आणि फान आजोबांना विचार, त्यांनी खूण कोणाला विचारली होती? तुला. माझ्या नवऱ्याची खूण मला विचारायला हवी होती, बायको मी आहे. मी सांगितली असती. त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे, तरुण होता तेव्हा गळ अडकून. मीच हळद दाबून धरली होती, आमचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं तेव्हा. तू नीट आठवून बघ, तू खांबाला धरून उभी होतीस, सगळं बघत होतीस. त्या मातीच्या माणसाचे दोन्ही कान धड आहेत ना? आहेत. तू लिहिलं असतंस नाहीतर.

मग तो हिएन नव्हे. सांग सगळ्यांना.

क्वेन